सहा आकडे, चार फासे आणि फुई

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय थोडा पोरकट वाटेल, खेळाचा आहे. पण चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत या, कारण गोष्ट फिरून आपल्याच घरात येते.

२०२४ ची आखाजी, १० मे, शुक्रवार. ग्रुपवर कोकणातली, विदर्भातलीही घरं आहेत म्हणून सांगतो, अक्षय्य तृतीया म्हणजे आम्हा खान्देशींची आखाजी. लेकी माहेरी येतात, घागर भरली जाते, झाडाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. पुरुष मंडळी त्या दिवशी पत्ते कुटतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही. आमचं गाव शिंदखेड्याजवळ, पण तिथलं घर आता बंद. त्यामुळे माझी फुई, म्हणजे आत्या, आखाजीला इथे गोडादऱ्यात येते. माहेर रेल्वेच्या रुळावरून सरकत सरकत सुरतेला आलं, असं ती म्हणते.

त्या दुपारी हॉलमध्ये फरशीवर पोरांचा अड्डा होता. माझी मुलगी, तेव्हा अकरावीत. दोंडाईच्याहून सुट्टीला आलेला माझा भाचा, वय बारा. पुढच्या गल्लीतला तिचा एक मराठी मित्र. आणि आमच्याच सोसायटीतला एक मारवाडी मुलगा, ज्याच्या वडिलांचं रिंग रोडच्या मार्केटात साड्यांचं दुकान आहे. कोपऱ्यात खुर्चीवर दादा, माझे वडील, वय बहात्तर, पेपर तोंडासमोर धरून डुलक्या घेत. आणि फरशीवर कडाक्याचं भांडण. मला वाटलं पत्त्यांवरून. तर नाही. भांडण होतं, अजून जन्माला न आलेल्या माणसांना ताकद किती आणि अक्कल किती द्यायची यावरून.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. मुलीने तो स्ट्रेंजर थिंग्ज मालिकेत पाहिला होता. मग कळलं की मुख्य नियम फुकट मिळतात (२०२३ च्या जानेवारीत कंपनीने ते मुक्त परवान्यावर सोडले), म्हणून तिने झेरॉक्सच्या दुकानातून जाडजूड प्रिंट काढून आणली. खेळाला पट असलाच पाहिजे असं नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगतात. दार फोडायचंय, भिंत चढायचीय, चौकीदाराला गंडवायचंय, तर फासा टाकायचा. आणि त्यात आपल्या माणसाचा त्या त्या गुणाचा आकडा कमीजास्त करतो.

गुण सहा. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप. छाप हा माझा शब्द, इंग्रजीत कॅरिझ्मा म्हणतात. बुद्धी आणि शहाणपण वेगळे का, असं मी विचारलं. मग माझं मलाच कळलं. बुद्धी म्हणजे दहावीचे मार्क, शहाणपण म्हणजे भुसावळ पॅसेंजर उधन्याला थांबली की कोणत्या डब्याकडे धावायचं ते कळणं. प्रत्येक गुणाला साधारण ३ ते १८ मधला आकडा. हे सहा आकडे एकदा ठरले की तो माणूस महिनोनमहिने तेच आकडे घेऊन फिरतो. भांडण त्यासाठीच.

माझ्या पिढीला हे अगदीच परकं नाही. नव्वदच्या दशकात लिंबायतच्या गल्लीत आम्ही पैलवानांची ट्रम्प कार्डं खेळायचो. उंची, वजन, छाती, दंड, रँक. अमक्याची छाती मोठी म्हणून तमक्याचं कार्ड गेलं. पण तिथे आकडे छापलेलेच यायचे, तक्रार कुणाकडे करणार? इथे आकडे बनवायचे होते, आणि बनवायचे कसे यावर गेली पन्नास वर्षं जगभर वाद चालू आहे. रात्री मुलीच्या प्रिंटा आणि इंटरनेट घेऊन बसलो. मी अकाउंटचा माणूस, आकडे दिसले की सुटत नाहीत.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून निघाला. रचणारे दोघे, गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचा डेव्ह आर्नसन. गायगॅक्स आधी विम्याच्या धंद्यात अंडररायटर होता, म्हणजे कुणाच्या आयुष्याला किती धोका ते आकड्यात मांडणारा. ती नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात बूट दुरुस्त करायचा. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, पेट्या घरीच हाताने भरलेल्या. आपल्या इथे एका लूमपासून खातं उभं केलेल्या लोकांच्या गोष्टी असतात ना, तशीच.

त्या पहिल्या पुस्तिकेतला नियम कडक होता. आपले नेहमीचे सहा बाजूंचे तीन फासे घ्या, टाका, बेरीज करा. असं सहा वेळा, ओळीने. पहिलं दान ताकदीचं म्हणजे ताकदीचंच, मग ते ५ का असेना. आणि फासे टाकणार कोण? खेळाडू नाही, रेफरी. म्हणजे तुमचं नशीबही दुसऱ्याच्या हातून पडणार. मुलीला हे भयंकर वाटलं. मला ओळखीचं वाटलं.

तीन फाशांची गंमत अशी की एकूण २१६ तऱ्हेने ते पडू शकतात. त्यात १८ यायला एकच वाट, तिन्ही छक्के. ३ यायलाही एकच. पण १० यायला २७ वाटा आणि ११ यायलाही २७. म्हणजे चारातली एक बेरीज या दोन मधल्या आकड्यांवरच पडते. बहुतेक माणसं मधली, एखादाच भीम. आपल्या घरच्या कवड्यांचंही असंच असतं. सहा कवड्या फेकल्या तर ६४ तऱ्हा. तीन उताण्या पडण्याच्या २०, सहाच्या सहा उताण्या पडण्याची एक. अर्थात हे सगळ्या कवड्या इमानदार धरल्या तर. फुई म्हणते प्रत्येक कवडीचा स्वभाव वेगळा, आणि ती बरोबर आहे, कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतातच.

जुन्या काळी आपल्याकडे बेहड्याच्या फळांचे फासे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात जुगाराने बुडालेल्या माणसाचं एक आख्खं सूक्त आहे, त्यात ते येतात. हे मी भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, मामा, बेहडा तर आजी खोकल्याला देते. असो.

तर मूळ नियमात गंमत होती पण जाच पण होता. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात गायगॅक्सने स्वतःच लिहून टाकलं की निदान दोन गुण १५ किंवा त्याहून वर असल्याशिवाय माणूस टिकणं अवघड. आणि १९७९ च्या पुढच्या पुस्तकात चार नव्या पद्धती दिल्या. त्यातली पहिली आजही जगभर चालते. चार फासे टाका, सगळ्यात लहान बाजूला काढा, उरलेल्या तिघांची बेरीज. शिवाय आलेले सहा आकडे हव्या त्या गुणाला लावा. तीन फाशांची सरासरी साडेदहा, या पद्धतीची सव्वाबाराच्या जवळ. १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एकवरून साधारण ६२ मध्ये एकवर येते. म्हणजे नशीब तेच, फक्त त्याची एक चूक माफ.

दुसरी वाट वाटणीची. फासेच नकोत, सगळ्यांना सारखी पुंजी द्या, ज्याने त्याने आपल्या मनाने खर्च करावी. १९७७ साली स्टीव्ह जॅक्सनने मेली नावाचा छोटा खेळ काढला, त्यात खेळाडू ठराविक गुण ताकद आणि चपळाईत वाटून घ्यायचा. १९८१ चा चॅम्पियन्स, १९८६ चा गर्प्स, हे पूर्ण याच हिशेबावर उभे राहिले. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाले उशिरा वळले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी वाटणी पुढे आणली आणि फासे मागच्या बाकावर बसवले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तिन्ही दारं उघडी ठेवली. चार फासे टाका. नाहीतर तयार संच घ्या, १५, १४, १३, १२, १०, ८. नाहीतर २७ पॉइंट घेऊन बाजाराला जा. बाजारात सगळे गुण ८ वर सुरू होतात. १३ पर्यंत एका पायरीला एक पॉइंट, पुढे महागाई, १४ ला एकूण सात, १५ ला नऊ. मी बेरीज करून पाहिली, तयार संचाची किंमत बरोबर २७ भरते. हिशेब चोख आहे.

आता आमच्या फरशीवरचं भांडण तुम्हाला समजेल.

मारवाडी मुलगा घरूनच कागद लिहून आला होता. १८, १७, १७, १६, १५, १४. म्हणाला, "दीदी, मैंने घर पे ही रोल कर लिया।" सगळे असे हसले की दादांची झोप मोडली. पोरगा लाल झाला, पण कागद खिशात घालेना. गमतीचं वाटेल, पण जिथे अनोळखी माणसं एकत्र येऊन खेळतात तिथे नेमका हाच घोळ असतो. कंपनीच्या ॲडव्हेंचरर्स लीगमध्ये म्हणून फासे चालतच नाहीत, तयार संच किंवा पॉइंट.

मुलीचं म्हणणं पॉइंट. सगळ्यांना २७, वादच नको. पुढच्या गल्लीतला मुलगाही तिच्या बाजूने. एकदा वाईट दान पडलं की सहा महिने लंगड्या घोड्यावर बसायचं, म्हणाला. मलाही ते पटलं. सारखं वाटणं म्हणजे न्याय, आपल्याला शाळेपासून हेच शिकवलंय.

भाचा मात्र अडून बसला. फासेच पाहिजेत, तेही तीन, तेही ओळीने, जुन्या पद्धतीने. मला वाटलं हट्ट आहे. तर तो म्हणाला, "मामा, ताईने पुस्तक सगळं वाचलंय. कोणता पॉइंट कुठे टाकला की फायदा, तिला पाठ आहे. मला नाही येत. फासे तिला नि मला सारखेच."

मी गप्प झालो. बारा वर्षांचं पोर. सारख्या पुंजीवर ज्याला बाजार माहीत तोच कमावतो, हे मार्केटात वीस वर्षं जमाखर्च लिहून मला कळायला हवं होतं. नंतर वाचलं तर जगभरच्या खेळाडूंमध्येही फाशांच्या बाजूने हा मुद्दा निघतोच.

मुलगी म्हणाली, आबांना विचारू.

दादांनी चष्मा पुसला. त्यांना खेळ कितपत कळला माहीत नाही, पण प्रश्न कळला. म्हणाले, आमची वाटणी अशीच झाली होती. आणि मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी शंभरदा ऐकली होती, पण त्या दिवशी वेगळी ऐकू आली.

साल १९८३. आजोबा हयात होते, तीन भाऊ वेगळे निघायचे ठरले. जमीन तीन जातीची. विहिरीचा बागायती तुकडा, नाल्याकाठची काळी, आणि टेकडीकडची बरड. रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे. थोरल्या काकांनी पाडले. विहिरीचा तुकडा लहान ठेवला. काळीला मधलं क्षेत्र. बरडीला सगळ्यात जास्त क्षेत्र, वर बैलजोडी आणि गाडी. म्हणजे पहा, महाग गुणाला जास्त पॉइंट, स्वस्त गुणाला कमी. हे सगळं दुय्यम निबंधकाला न विचारता ओट्यावर बसून, पंच समोर ठेवून. मग तीन चिठ्ठ्या, तांब्यात टाकल्या, हलवल्या. उचलायला थोरल्या काकांची चार वर्षांची मुलगी बोलावली, लहान लेकरू लबाडी करत नाही म्हणून.

दादांना बरड आली.

दोन वर्षं बैलांवर भाड्याची नांगरट करून पाहिली. मग बैल विकले आणि गाडीत बसले, उधन्याला उतरले. लूमच्या खात्यात बारा बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. लिंबायतला भाड्याची खोली, नंतर २००९ साली गोडादऱ्यातलं हे घर. तुमच्यातल्या अर्ध्या घरांची गोष्ट हीच असेल, फक्त बरडीच्या जागी दुसरं काही. दादांनी आयुष्यभर त्या चिठ्ठीबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्या दिवशीही भाच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जे पडनं ते पडनं, पोऱ्या. मंग त्याना संगे जगानं." भाचा खूश. फासे जिंकले.

फुई आतून आंब्यांचं टोपलं घेऊन आली होती, दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "चिठ्ठी उचलाले पोर चालनी. चिठ्ठीवर पोरनं नाव नही चालनं."

कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा वाजत होता. पोरांना वाटलं फुईआजी काही विनोद करते, मग त्यांनाही कळलं की नाही करत.

इथे मला माझा भाग सांगितला पाहिजे, नाहीतर ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही. १९८३ ची वाटणी तोंडी होती, सातबारा आजोबांच्याच नावे राहिला. २००७ साली आजोबा गेले. वारस लागले तर फुईचंही नाव आलं, कायद्याने येणारच. मग २००८ साली तिचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. तुमच्या घरात झालं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे कसं होतं. कुणी दमदाटी करत नाही. बहिणीला नवी साडी घेतात, जीप करतात, कचेरीत नेतात, जेवायला घालून घरी सोडतात. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, घरातला शिकलेला पोरगा. तो कागद फुईला वाचून दाखवायचं काम माझं. मी वाचला. भरभर वाचला. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क दिला हे मी पेपरात वाचलेलं होतं. आणि बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात तर मुलीचा वाटा १९५६ पासूनच होता. मी ते तिला सांगितलं नाही. तिने अंगठा दिला. आता कुणी वाद घालेल की त्या वाटणीला कोणता कायदा लागू, कोणता नाही. घालू द्या. सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

मुलीला हे माहीत नव्हतं. तिने तिच्या परीने बोलणं सावरायला म्हणून खेळातलीच एक गोष्ट काढली. म्हणाली, फुईआजी, यातही होतं असं. खरंच होतं, मी नंतर तपासलं. १९७८ च्या त्याच पुस्तकात लढवय्याची ताकद १८ आली तर त्यापुढे आणखी शंभरापर्यंतचा आकडा काढायचा असे. माणूस जातीचा पुरुष शंभरापर्यंत जाऊ शके. बाईला पन्नासवर अडवलं होतं. फासे काहीही पडोत. म्हणजे चौथा फासा टाका, लहान काढून टाका, हव्या त्या जागी लावा, इतका सगळा मोकळेपणा देणाऱ्या पुस्तकात ही एक ओळ तक्त्यात बसलेली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गेली.

मला महाभारतातली सभा आठवली. आपण लहानपणापासून शकुनीच्या फाशांबद्दल बोलतो, फासे खोटे होते का खरे. द्रौपदीने विचारलेला प्रश्न फाशांबद्दल नव्हताच. जो स्वतः आधीच हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला, असं तिने विचारलं होतं, आणि भरल्या सभेत त्याला धड उत्तर मिळालं नाही.

फुईने टोपलं खाली ठेवलं आणि फरशीवर बसकण मारली. "आते माले सांगा, कसा खेळ शे हाऊ?" मुलीने सांगितलं. फासे, संच, पॉइंट, सगळं. फुईने दोन प्रश्न विचारले. आकडे किती? सहा. बसलेली माणसं किती? मुलगी मोजू लागली, चार पोरं, फुई पाच. फुईने दादांकडे बोट केलं. सहा.

मग तिने काढलेला तोडगा असा. सहा जणांनी एकेक दान टाकायचं, फक्त एक. चार फासे, लहान काढून. जे सहा आकडे येतील तो एकच संच, सगळ्यांचा. प्रत्येकाने तेच सहा आकडे घ्यायचे आणि आपल्याला वाटतील तसे लावायचे. भाच्याला फासे मिळाले, मुलीला सारखी वाटणी मिळाली, मारवाडी मुलाचा कागद बाद झाला पण त्याचंही एक दान आत आलं. मुलीने नंतर शोधलं तर काही ठिकाणी खेळाडू अशाच पद्धतीने खेळतात. फुईला ते कुठून माहीत असणार. ती म्हणाली, भिशीत पण शेवटी सगळ्यांनाच लागते ना.

मुलीने टाकलं, १४. भाच्याने दोन्ही तळहातांत फासे घोळवून फुंकर मारली, १६, आणि घर डोक्यावर घेतलं. पुढच्या गल्लीतल्याचे ११. मारवाडी मुलाने सगळ्यांना दिसेल असं हात उंच धरून टाकले, १२. फुईचे छक्का, चौका, तीन, दोन. दोन बाजूला, १३. दादा नको नको म्हणत होते. शेवटी खुर्चीतूनच टाकले. तीन दुव्या आणि एक एक्का.

सहा.

सगळ्यांच्या कागदावर दादांचा ६ लिहिला गेला. भाच्याने तो बुद्धीत घातला, मुलीने ताकदीत. मारवाडी मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत बसला आणि मग छापेत घातला, म्हणाला दुकान तो पापा संभालेंगे. फुईने ताकदीत १६ लिहायला सांगितले आणि ६ शहाणपणात. का, विचारलं तर हसली नुसती. दादा म्हणाले, माझ्यामुळे सगळ्यांचं बिघडलं. भाचा म्हणाला, आबा, सगळ्यांचं सारखंच बिघडलं. मुलीने बेरीज केली, ७२. छापील तयार संचाची बेरीजही ७२ च आहे, म्हणून ती दोन दिवस येईल-जाईल त्याला सांगत होती.

खेळ त्या सुट्टीत चार वेळा झाला. फुईची लढवय्यी तिसऱ्या दिवशी एका विहिरीत उतरली आणि वर आली नाही. शहाणपण ६ असलेल्या माणसाने अंधाऱ्या विहिरीत उतरायचं नसतं, मुलीने आधी इशारा दिला होता. फुई म्हणाली, इहीरना वाटा माले एकदा पाहाना व्हता.

ती परत निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर आम्ही दोघंच होतो. खाली गोडादऱ्याचा रस्ता, रिक्षांचे हॉर्न, कुठेतरी भजनाचा स्पीकर. मी म्हटलं, फुई, २००८ ला मी तुला कागद वाचून दाखवला तेव्हा मला कायदा माहीत होता. मी सांगितलं नाही.

"माले बी माहीत व्हतं," ती म्हणाली. त्यांच्या गावच्या शाळेतल्या बाईंनी तिला आधीच सगळं समजावून सांगितलं होतं.

मग अंगठा का दिलास, मी विचारलं.

"नही देती ते आखाजीले कोठे येती मी?"

तेव्हापासून दादांशी दोनदा बोललो. बरड अजून त्यांच्या नावावर आहे, पडीक. पहिल्या वेळी त्यांनी विषय बदलला. दुसऱ्या वेळी विचारलं, बक्षीसपत्राला स्टॅम्प किती लागतो. मी माहिती काढून ठेवली आहे, पुढे अजून काही ठरलेलं नाही.

बाकी, ग्रुपवर कुणाच्या घरी जुना सोंगट्यांचा पट, लाकडी फासे किंवा कवड्या असतील तर फोटो नक्की टाका. आणि तुमच्याकडे वाटणीची चिठ्ठी कशी टाकत, कोण उचलत असे, तेही लिहा. फुईला वाचून दाखवणार आहे. या वेळी सावकाश.